सुट्या पैशांतील बनावट व फिरविलेलीं नाणीं
(कारेगांव येथील एका नाण्याच्या निमित्तानें)

शिरूर तालुक्यांतील कारेगांवच्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं तांब्याचें एक नाणें आम्हांस दाखविण्यास आणिलें. रांजणगांवच्या गणपतीस गेले असतां सुट्या पैशांत तें त्याच्या वडिलांच्या हातीं आलें होतें. एका बाजूस रामदरबार. दुसरीकडे इंग्रजींत ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, 'एक आणा' हें मूल्य व १८१८ हा सन. कोणा मध्यस्थानें लाखों रुपयांचें आमिष दाखवून 'परीक्षेच्या खर्चा'करितां मोठी रक्कम आगाऊ मागितली होती, आणि त्यासाठीं घरची दुभती म्हैस विकण्याचें ठरत होतें. अशीं नाणीं संग्राहकांपुढेंही वारंवार येतात. म्हणून त्यांच्या परीक्षेचा क्रम येथें देत आहों.

प्रथम कालाचा विचार करूं. १८१८ हा सन या भागांतील लोकांस सहज पटतो. १ जानेवारी १८१८ ची कोरेगांवची लढाई याच तालुक्यांत झाली, व कंपनीची पलटण शिरूरच्या छावणींतूनच तिकडे निघाली होती. परंतु सन ओळखीचा असल्यानें नाणें खरें ठरत नाहीं. पेशवाई गेल्यावरही पुण्यास कांहीं वर्षें अंकुशी रुपयाच पडत होता. कंपनीचें सर्व मुलखास एकच असें नाणें १८३५ च्या कायद्यानें सुरू झालें. त्यांत रुपया १८० ग्रेन, तांब्याचा अर्धा आणा २०० ग्रेन व पाव आणा १०० ग्रेन वजनाचा ठरला. तांब्याच्या या नाण्यांवर कंपनीचें सिंहयुक्त चिन्ह आहे. देवतेची मूर्ति नाहीं. एक आण्याचें तांब्याचें नाणें तर कंपनीनें काढलेंच नाहीं. आण्याचें निकलमिश्रित नाणें १९०७ मध्यें, सातव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, चालू झालें. याच जातीच्या कांहीं तुकड्यांवर १६१६ हा सन असतो. मुंबई बेट कंपनीस १६६८ त मिळालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या सनाचें वेगळें खंडन करण्याचें कारण राहात नाहीं.

मग हे तुकडे काय आहेत? आपल्याकडे रामटंका म्हणून पूजेचीं नाणीं पूर्वींपासून पाडलीं जात. तीं देवघरांत ठेवावयाचीं, बाजारांत चालवावयाचीं नव्हत. जुना रामटंका संग्रहास योग्यच आहे. पुढें कोणीं तरी त्याच चित्रास कंपनीचें नांव व सोयीचा सन जोडला, आणि पूजेची वस्तु 'चलन' होऊन बसली. हें नाणें तांदूळ ओढतें असेंही दाखविण्यांत येतें. तांबें लोहचुंबकासही चिकटत नाहीं, तें तांदूळ कोठून ओढणार? तांदळास लोहचूर्ण लावून व चुंबक दडवून हा खेळ साधतात.

दुसरी जात फिरविलेल्या नाण्यांची. म्हणजे मूळ नाणें टांकसाळीचें, पण मागाहून बदललेलें. 'शोले' (१९७५) या चित्रपटामुळें दोन्ही बाजूंस एकच छाप असलेलें नाणें सर्वांस ठाऊक झालें. जादूगारांचें असें नाणें करण्यासाठीं एक नाणें चरकावर आंतून कोरून वाटीसारखें करितात, दुसरें तासून त्यांत बसवितात. कडेच्या आंतल्या अंगास भिंगानें पाहिल्यास सांध्याची बारीक रेषा दिसते. आवाजही बद्द येतो. माळेंत ओवलेल्या रुपयाचा कान काढलेला असला तर कडेस डाखाचा डाग राहातो. कांहीं ठिकाणीं सनाचा आंकडाच कोरून बदललेला असतो; १९३९ चा रुपया विरळा असल्यामुळें तो शेवटचा आंकडा नीट पाहूनच घ्यावा.

तिसरी जात ओतीव नकलांची. शिवराई हातानें ठोकलेली असल्यामुळें ठशाचा कांहीं भाग बहुधा नाण्याबाहेर जातो. म्हणून 'श्री राजा शिव', 'छत्रपति' हीं अक्षरें पुष्कळदां अपुरीं असतात. ओतीव नकलेंत अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक छिद्रें, व कडेस सांचाची रेष आढळते. दोन शिवराया एकाच ठिकाणीं तुटलेल्या व एकाच ठिकाणीं झिजलेल्या दिसल्या, तर त्या एकाच सांचांतल्या समजाव्या.

उलट, अपरिचित चित्र दिसतांच नाणें खोटें म्हणूं नये. १९९९ मध्यें ज्ञानेश्वरांचा एक रुपया व छत्रपति शिवाजी महाराजांचें दोन रुपयांचें नाणें निघालें. २०१२ मध्यें वैष्णोदेवीचींही निघालीं. हीं सर्व सरकारी व खरीं आहेत.

सारांश, आधीं सन व मूल्य इतिहासाशीं ताडावें, मग वजन, आवाज, कड व अक्षरें हीं क्रमानें पाहावीं. कौटिल्यानें नाण्यांच्या परीक्षेस रूपदर्शक हा स्वतंत्र अधिकारी नेमण्यास सांगितलें आहे. आज तें काम संग्राहकांनींच शेजाऱ्यांसाठीं करावयास हवें. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या फसव्या जाहिरातींविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०२१ मध्यें जाहीर इशारा दिला. पण तो खेड्यांतील घरोघर पोंचतोच असें नाहीं.

आम्हीं त्या गृहस्थांपुढें खरा पाव आणा व त्यांचें नाणें शेजारीं शेजारीं ठेविलें. ते बराच वेळ कांहींच बोलले नाहींत, मग म्हणाले, "गुरुजी, देव तर खरा आहे ना?" आम्हीं म्हटलें, "देव खरा, सन खोटा. देवघरांत ठेवा." नाणें देवघरांत गेलें, म्हैस गोठ्यांत राहिली.