अंगणातील गौरीचे मंदिर

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर विराजमान होते आणि अक्षय्य तृतीयेस तिची पाठवणी होते. या महिनाभराच्या माहेरपणात हळदीकुंकू, आंबेडाळ, पन्हे यांचे कौतुक घरोघर चालते. परंतु याच काळात अंगणात गौरीचे एक मंदिर सकाळी उभे राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या सड्याबरोबर पुसले जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. ते मंदिर म्हणजे चैत्रांगण.

सारवलेल्या भूमीवर चिमटीतून रेघ सुटते. पायऱ्या, खांब, कमान, कळस असे मखर साकारते. आत गौर, वर सूर्य-चंद्र, भोवती तुळशीवृंदावन, शंख, चक्र, कासव, गोपद्मे. वाचकहो, हे जरा निरखून पाहावे. खांब व कळस समोरून दिसावेत तसे, तर कमळ, गोपद्मे वरून दिसावीत तशी! वास्तूची दर्शनी बाजू आणि तिचा तळ स्थपती निरनिराळ्या नकाशांवर दाखवितो. आमच्या माताभगिनी ते एकाच भूमीवर, पट्टीवाचून साधतात.

शास्त्रातही वास्तूचा आरंभ रेषेनेच होतो. शुल्ब म्हणजे दोरी. खुंट्या रोवून, दोरी ताणून यज्ञभूमी कशी आखावी, हे बौधायनादींची शुल्बसूत्रे सांगतात. सोमयागाची महावेदी पश्चिमेस ३०, पूर्वेस २४ आणि लांबीस ३६ प्रक्रम. यज्ञ संपतो, मंडप उतरतो. पुढच्या यजमानासाठी मागे उरते ते आखणीचे ज्ञान.

कणकवलीत हे कीर्तनातून सांगणाऱ्या आम्हीच एके वर्षी खळ्यात गुळगुळीत लाद्या बसविल्या. चैत्र आला. वाऱ्याच्या पहिल्या झुळुकीसरशी रांगोळी घसरली. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, आता गौरीचं घर कुठं काढायचं?" आम्हांस उत्तर सुचेना. अखेर वृंदावनापुढील चार हात जागेतील लाद्या काढविल्या, माती चोपली आणि घरातून तीवर शेणाचा हात फिरला.

रोज पुसले जाणारे मंदिर टिकते ते हातात. चिकटवण्याची छापील रांगोळी वर्षभर राहील, पण लेकीच्या बोटांना काही शिकविणार नाही. म्हणून विनंती एवढीच की, घर कितीही पक्के बांधा, दारापुढे चार हात माती राखा आणि यंदा रांगोळीची पहिली चिमूट घरातील सर्वांत लहान हाती द्या.