दान मिळालेली लढाऊ विमानं आणि निजामाची ‘हैदराबाद स्क्वाड्रन’



आठवीच्या वर्गात हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवत होतो. मध्येच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, युक्रेनला बाकीचे देश फुकटात लढाऊ विमानं देतात म्हणे. मग आपण पैसे देऊन कशाला घेतो? फुकट भेटलं तर घ्यावं की!”

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर चालू असलेल्या पाठातच दडलेलं होतं.

आधी युक्रेनचं बघू. नेदरलँड्सने २४ आणि डेन्मार्कने १९ एफ-१६ विमानं द्यायचं कबूल केलं. ही विमानं मूळची अमेरिकेची, त्यामुळे देणाऱ्यांनाही अमेरिकेची परवानगी लागते. ती ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली आणि विमानं युक्रेनच्या आकाशात दिसली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. मधलं वर्षभर काय चाललं होतं? वैमानिकांचं प्रशिक्षण, मेकॅनिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, क्षेपणास्त्रं, धावपट्ट्यांची तयारी. वैमानिकांना तर इंग्रजीचेही वर्ग करावे लागले. उलट स्लोव्हाकियाने २०२३ मध्ये दिलेली १३ मिग-२९ विमानं जुन्या सोव्हिएत बनावटीची. ती युक्रेनच्या लोकांच्या हातातली होती, म्हणून लगेच उपयोगी पडली.

शाळेतलं उदाहरण द्यायचं तर, माझ्या आधीच्या एका शाळेला देणगीत संगणक मिळाले होते. हारतुरे झाले, फोटो झाले. नंतर बॅटऱ्या बसल्या, दुरुस्तीला माणूस नाही, आणि ते कापडाखाली झाकून राहिले. देणाऱ्याची चूक नव्हती. वस्तू आली, पण ती चालवणारी व्यवस्था तिच्याबरोबर आली नाही. लढाऊ विमानाचं असंच असतं, फक्त तिथे किंमत जिवाची असते.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपला मराठवाडा, म्हणजे मुखेड, कंधार, देगलूर हा सगळा मुलूखही, तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आणि हा निजाम, सातवा, मीर उस्मान अली खान, लढाऊ विमानं दान करणारा होता! घेणारा नव्हे, देणारा.

पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डी. एच. ९ ए जातीची बॉम्बफेकी विमानं मिळाली. ती निजामाची भेट होती. प्रत्येक विमानावर तसा मजकूर लिहिलेला होता, आणि त्या तुकडीचं नावच ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ पडलं. त्याच वर्षाच्या आरंभी ब्रिटिशांनी निजामाला इतर संस्थानिकांपेक्षा वरचढ असा ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब दिला होता. देवाणघेवाण कशी चालायची ते लक्षात यावं.

दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन तुकड्यांना हैदराबादचं नाव लागलं. १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनकडे स्पिटफायर, तर २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रनकडे हरिकेन. (ही पंख्याची विमानं, जेट नव्हेत. मुलं हमखास विचारतात.) त्या काळी ब्रिटनमध्ये ‘स्पिटफायर फंड’ चालायचा. ५,००० पौंड द्या, तुमचं नाव एका विमानावर. खरी किंमत त्याहून जास्त होती, पण लोकांच्या तोंडी बसायला आकडा सोपा. मुंबईच्या नावाच्याही दोन तुकड्या होत्या, १२२ (बॉम्बे) आणि १३२ (सिटी ऑफ बॉम्बे).

१९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये १५२ ने दक्षिण इंग्लंडातल्या वॉर्मवेल तळावरून पोर्टलंडचं नौदल बंदर राखलं. २५३ केनली तळावरून लढली. ३१ ऑगस्ट १९४० या एकाच दिवशी तिचा प्रमुख हॅरॉल्ड स्टार मारला गेला आणि टॉम ग्लीव्ह हा दुसरा अधिकारी विमानात भयंकर भाजला. त्याच्यावर डॉ. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी प्लास्टिक सर्जरी केली. ती शाखा तेव्हा घडत होती, आणि अशा भाजलेल्या वैमानिकांनी पुढे ‘गिनीपिग क्लब’ नावाची संघटना काढली. विज्ञानाच्या तासालाही हे सांगता येईल.

१५२ स्क्वाड्रनचं बोधचिन्ह काय होतं ठाऊक आहे? निजामाची पगडी. आणि ब्रीद होतं ‘फेथफुल अलाय’, म्हणजे विश्वासू दोस्त.

तर पैसा हैदराबादचा, नाव हैदराबादचं, पगडीसुद्धा हैदराबादची. पण विमान कुठे उडवायचं, कोणावर बॉम्ब टाकायचा, कोणाला वैमानिक करायचं हे ठरवणार लंडन. इथे मी फळ्यावर मागच्या धड्यातला एक शब्द लिहिला : तैनाती फौज. १७९८ मध्ये निजामाने वेलस्लीची तैनाती फौज स्वीकारली. फौज इंग्रजांची, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा. पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’चा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. धाराशिव आणि रायचूर दुआबही गेले होते, ते १८६० मध्ये परत मिळाले. माझ्या मते विमानांचं दान ही त्याच गोष्टीची पुढची पायरी. फरक इतकाच की आधी सक्ती होती, नंतर त्याला भेट म्हणायला लागले.

याचा हिशोब १९४८ मध्ये झाला. १३ सप्टेंबरला भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गाच्या दिशेने आत शिरली, वर भारतीय वायुदलाची टेम्पेस्ट विमानं. तीन स्क्वाड्रनना नाव देणाऱ्या हैदराबादकडे मात्र स्वतःचं लढाऊ वायुदल नव्हतं. डेक्कन एअरवेज होती, पण ती प्रवासी कंपनी. शस्त्रं आणायला सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची चोरटी विमानं लागत, तीही बाहेरून भाड्याने. पाच दिवसांत कारवाई संपली. वायुदल असतं तरी निकाल फार बदलला असता असं नाही. पण दान दिलेलं विमान दात्याच्या अडीनडीला येत नाही, हे तेव्हा उघडं पडलं.

इथे एक खुलासा करतो, कारण व्हॉट्सॲपवर ‘निजामाने १९६५ च्या युद्धानंतर देशाला पाच टन सोनं दान केलं’ असा मेसेज फिरतो. त्याने ४२५ किलो सोनं राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं, साडेसहा टक्के व्याजाने. रक्कम मोठी आणि वेळ महत्त्वाची, पण ती गुंतवणूक. मुलांना दान, कर्ज आणि खरेदी यांतला फरक शिकवायला हे उदाहरण छान आहे.

मग आपला देश दान घेतच नाही का? घेतो, पण हिशोबाने. जग्वार विमानं आज फक्त भारत वापरतो. इतरांनी ती निवृत्त केली आणि कारखानेही बंद झाले. म्हणून २०१८ मध्ये फ्रान्सने ३१ जुने जग्वार सांगाडे फुकट द्यायचं ठरवलं तेव्हा आपण ते घेतले. उडवायला नाही, सुटे भाग काढायला. आपल्याकडचा ऑटोवाला बंद पडलेली दुसरी गाडी भंगारात घेऊन ठेवतो ना, तसंच. हे जमतं कारण जग्वार चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात आपल्याकडे आहेत. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग-२१ साठी कारखाना उभारला तो याच विचाराने : आधी सुटे भाग जोडायला शिकू, मग विमान घडवू. १७ ऑक्टोबर २०२५ ला त्याच ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं.

तास संपता संपता त्याच पोराने हात वर केला. “सर, मग निजामाच्या त्या विमानांत आमच्या पणजोबाचे पैसे होते का?”

निजामाच्या तिजोरीत शेतसाऱ्याचा वाटा मोठा होता, आणि ज्वारी-कापूस पिकवणारा मराठवाडा तो भरत होता. “असणार,” मी म्हणालो. मग सांगितलं, की १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलेलं हैदराबाद स्क्वाड्रनचं एक विमान बर्लिन, मग पोलंड असा प्रवास करत शेवटी लंडनच्या हेंडन इथल्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आलंय. क्रमांक एफ १०१०. ते अजून तिथे आहे.

घंटा झाली तरी दोन-तीन पोरं वहीत तो क्रमांक लिहून घेत होती.