नायक तोच, खलनायकही तोच

आषाढ सरत आला की वृत्तवाहिन्यांच्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गावरून पेणच्या अलीकडे आत वळायला लागतात. हमरापूर, जोहे, कळवे, दादर ही गावं वर्षभर गणपती घडवतात, पण टीव्हीवर दिसतात ती याच दिवसांत. कॅमेरा जोह्यातल्या एखाद्या कारखान्यात शिरतो, ओळीने मांडलेल्या पांढऱ्या कच्च्या मूर्तींवरून सरकतो, स्प्रे गनच्या फवाऱ्यापाशी क्षणभर रेंगाळतो आणि शेवटी एका कारागिराच्या हातावर येऊन थांबतो. कारागीर डोळ्यांची आखणी करत असतो. मागे ढोल-ताशा वाजतो, निवेदक सांगतो की बाप्पा निघाले सातासमुद्रापार. दोन-अडीच मिनिटांत सगळं आटोपतं.

हाच कारागीर त्याच मोसमात आणखी दोनदा बातमीत येतो. एकदा कच्चा माल महागला, पावसाने मूर्ती वाळत नाहीत, पीओपीबद्दल (प्लास्टर ऑफ पॅरिस) कोर्टात काय होणार कळत नाही, अशा चिंतेत. तिथे तो परिस्थितीने गांजलेला असतो. दुसऱ्यांदा येतो तो विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि स्वतः न दिसता. ओहोटीला चौपाटीवर न विरघळलेल्या मूर्तींचे हात, सोंडा, मुकुट पसरलेले असतात आणि कुणीतरी विचारतं, हे थांबणार कधी? आता बोट त्याच्याकडे वळलेलं असतं. माणूस एक, हात तेच, मूर्तीही तीच. तरी तो पहिल्या बातमीत नायक, दुसऱ्या बातमीत पीडित आणि तिसऱ्या बातमीत जवळजवळ खलनायक. बरं, तिन्हींतलं एकही वाक्य खोटं नाही!

हे कसं घडतं, याचा उलगडा करणारं एक हत्यार लेनिनग्राडच्या एका अभ्यासकाने १९२८ साली करून ठेवलं. त्याच्या डोळ्यांपुढे ना टीव्ही होता ना गणपती. व्लादिमीर प्रॉप हे त्याचं नाव. अफानास्येव या संग्राहकाने जमवलेल्या रशियन लोककथांमधल्या शंभर अद्भुतकथा त्याने घेतल्या आणि एखाद्याने घड्याळ खोलावं तशा खोलून मांडल्या. एका कथेत राजा शूराला गरुड देतो आणि गरुड त्याला परराज्यात नेतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो, तिसरीत जादूगार होडी देतो. देणारा बदलतो, वस्तू बदलते, पण ‘कुणीतरी काहीतरी देतं आणि त्याच्या जोरावर नायक दूर पोचतो’ ही क्रिया हलत नाही. अशा क्रिया प्रॉपने मोजल्या, त्या एकतीस निघाल्या. प्रत्येक कथेत सगळ्या नसतात, पण ज्या असतात त्या ठरलेल्या क्रमानेच येतात. आणि हजारो राजपुत्र, चेटकिणी, म्हातारे, लांडगे यांच्या गर्दीला भूमिका मिळून किती? सात. नायक, खलनायक, दाता, साहाय्यक, नायकाला कामगिरीवर धाडणारा, मिळवायची राजकन्या (तिच्या बापासकट) आणि श्रेय लाटायला आलेला तोतया नायक.

श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचताना गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. प्रॉपच्या यादीतली दुसरी क्रिया आहे मनाई आणि तिसरी त्या मनाईचा भंग. आपल्या कहाणीत वसा देताना काय बजावतात? उतायचं नाही, मातायचं नाही, घेतलेलं टाकायचं नाही. मग दिवस पालटतात, घरात संपत्ती येते, कुणीतरी उततं, वसा उकिरड्यावर जातो आणि दारिद्र्य परत येतं. पुन्हा वसा, पुन्हा भरभराट, सुफळ संपूर्ण. आटपाट नगर आणि रशियातलं अरण्य एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, तरी दोन्हीकडे गोष्ट त्याच उंबऱ्याला अडखळते. स्वतः प्रॉप मात्र सावध होता. त्याचा दावा रशियन अद्भुतकथांपुरताच होता. सिनेमा, मालिका, जाहिरात आणि बातमीपर्यंत तो ओढला पुढच्या लोकांनी. ओढताना तो अधूनमधून फाटतो, पण फाटतो तिथेही बरंच काही दिसतं.

प्रॉपच्या पद्धतीतली खरी कळ अशी, की भूमिका म्हणजे माणूस नव्हे. भूमिका ही रिकामी खुर्ची आहे. गोष्ट सांगणारा तिच्यावर कुणालाही बसवू शकतो. जोह्याच्या पहिल्या बातमीत नायकाच्या खुर्चीवर मूर्तिकार, दात्याच्या खुर्चीवर कला शिकवून गेलेले वाडवडील, साहाय्यक म्हणून घरच्या बायका आणि मिळवायची राजकन्या म्हणजे परदेशची ऑर्डर. तिसऱ्या बातमीत नायक होतात समुद्रकिनारा साफ करणारे स्वयंसेवक, आणि मूर्तिकाराची रवानगी थेट पलीकडच्या बाकावर.

पण मला जास्त रस आहे तो कुठल्याच खुर्चीवर न बसलेल्या लोकांत. कच्च्या मूर्ती घाऊक उचलणारा व्यापारी या बातम्यांत सहसा दिसत नाही. मोसमाआधी घेतलेलं आणि गणपती गेल्यावर फेडायचं कर्ज दिसत नाही. साच्यातून निघालेल्या मूर्तीला पॉलिश पेपरने घासणारी, सांधे बुजवणारी बाई पडद्यावर असते, पण नुसती हात म्हणून. बोलायला माइक तिच्यापुढे क्वचितच जातो. आणि सर्वांत मोठी गैरहजेरी गिऱ्हाइकाची. उंच हवी, हलकी हवी, चकचकीत हवी आणि स्वस्तही हवी, असं म्हणणारा माणूस तिन्ही गोष्टींत कुठेच नाही. कारण उघड आहे. तो सोफ्यावर बसून बातमी बघतो आहे.

वेळेचं प्रकरण याहून मजेदार आहे. फ्रेंच अभ्यासक जेरार जनेत याने १९७२ साली सांगितलं, की गोष्टीतला काळ आणि सांगण्यातला काळ हे दोन वेगळे काळ असतात आणि त्यांच्यात तीन ठिकाणी तफावत पाडता येते. घटना कुठल्या क्रमाने सांगायच्या, किती वेळ सांगायच्या आणि किती वेळा सांगायच्या. बातमीत आखणीचा एक क्षण संथ करून दाखवतात, ब्रश डोळ्याच्या कडेवरून फिरतो आणि आपण श्वास रोखतो. कारखान्यात मात्र तो क्षण मोसमात हजारदा येतो. हजारदा घडणारं एकदाच सांगितलं, की त्याला विधीचं तेज येतं. तेच हजारदा दाखवलं असतं, तर आपल्याला कष्ट दिसले असते, मान अवघडलेली दिसली असती. एका कृतीच्या मोजणीत फेरफार केला आणि मजुरीचं पावित्र्य झालं. यात कुणाचा कावा नाही. अडीच मिनिटांत बसवायचं म्हटलं की असंच होतं. पण होतं हे खरं.

आता शाडूची माती आणि पीओपी. क्लोद लेव्ही-स्ट्राउस या मानववंशशास्त्रज्ञाने १९५५ साली मांडलं, की मिथककथा विरोधी जोड्यांवर उभ्या असतात : कच्चं-शिजलेलं, जीवन-मरण, निसर्ग-संस्कृती. समाजाला न सुटणारा एखादा पेच अशा जोडीत घालून कथा तो पेलण्याजोगा करते. आपल्या बातम्यांनी शाडू-पीओपी ही जोडी अशी काही घट्ट बांधली आहे, की तिच्या मागोमाग बाकीच्या जोड्या आपोआप चालत येतात. माती विरुद्ध रसायन, परंपरा विरुद्ध बाजार, गाव विरुद्ध कारखाना, श्रद्धा विरुद्ध धंदा. डावीकडचं सगळं चांगलं, उजवीकडचं सगळं संशयास्पद.

जोह्यात पाऊल टाकलं की ही जोडी विस्कटते. गावच कारखान्यांचं आहे. श्रद्धा आणि धंदा एकाच पडवीत बसतात, कित्येकदा एकाच माणसात. ‘आपली माती’ म्हणून ज्या शाडूचं कौतुक होतं ती गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. आणि या जोडीने सर्वांत शिताफीने काय लपवलं असेल तर रंग. शाडूच्या मूर्तीवरही रासायनिक रंग मारला, तर पाण्यात माती विरघळेल, रंगातलं विष राहीलच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१० आणि २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत रंगांबद्दल स्पष्ट सांगितलेलं आहे. पण गोष्टीला दोनच पक्ष परवडतात. तिसरा आला की गोष्टीची धार जाते, म्हणून तिसरा बाहेर.

बल्गेरियात जन्मलेल्या आणि पॅरिसला स्थायिक झालेल्या त्स्वेतान तोदोरोव्हने १९६९ साली या साऱ्या शास्त्राला नाव दिलं, ‘नॅरेटॉलॉजी’. त्याचं सूत्र फार साधं. आधी घडी बसलेली असते. काहीतरी ती विस्कटतं. विस्कटल्याची जाणीव होते. ती सावरायचे प्रयत्न होतात. शेवटी नवी घडी बसते, आणि ती पहिल्यासारखी नसते. हे सूत्र २०२५ च्या घडामोडींवर ठेवून बघा. ३० जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीविषयीच्या २०२० च्या तत्त्वांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितली आणि पेणच्या पट्ट्यात घबराट उडाली. डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे अभ्यास गेला. तो अहवाल केंद्रीय मंडळापुढे आला. ९ जूनला न्यायालयाने पीओपी मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन करायला मात्र नाही. ‘मूर्तिकारांना दिलासा’ असे मथळे झळकले.

गोष्ट इथे थांबवली तर सुफळ संपूर्ण. दीड महिना पुढे नेली, तर २४ जुलैचा आदेश लागतो : सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात, त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक पाण्याची मुभा. आता ही ‘दिलाशा’ची गोष्ट राहिली की तहकुबीची? आणखी पुढे नेऊन समुद्राच्या तळाशी थांबवली तर वेगळीच. तारखा खऱ्या, आदेश खरे. पडदा कुठल्या तारखेला टाकायचा एवढंच सांगणाऱ्याच्या हातात असतं, आणि सुखान्त की शोकान्त हे तेवढ्यावर ठरतं. नुसत्या कापण्याच्या जागेत एवढी ताकद असते, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा मोठा अचंबा वाटतो. त्यानंतर कुठलीही बातमी पाहताना नजर आपोआप शेवटच्या वाक्याकडे जाते.

इथवर आपण मूर्तीबद्दलच्या गोष्टी पाहिल्या. पण मूर्ती हीदेखील माध्यमातली संहिता आहे. २०१४ साली झी मराठीवर ‘जय मल्हार’ सुरू झाली. रायगडच्याच अलिबागचा देवदत्त नागे त्यात खंडोबा झाला, आणि पाठोपाठ बाजारात ‘जय मल्हार’ गणपती आले : तोच फेटा, तोच रुबाब, सोंड मात्र गणपतीची. ‘बाहुबली’ आला तेव्हा बाहुबली गणपती आले. जोह्यातून निघालेली गोष्ट टीव्हीवर जाते आणि टीव्हीवरची गोष्ट जोह्याच्या साच्यात येऊन बसते, अशी ही दुहेरी वाहतूक आहे.

पण शेकडो भागांची मालिका दीड फुटाच्या मूर्तीत मावते कशी? लेसिंग या जर्मन लेखकाने १७६६ मध्येच म्हटलं होतं, की काव्य घटना एकामागून एक सांगू शकतं, शिल्पाला एकच क्षण मिळतो, म्हणून शिल्पकाराने असा क्षण निवडावा ज्यात आधीचं आणि नंतरचं दोन्ही गर्भित असेल. साच्याचं मॉडेल करणारा कलाकार नेमकं हेच करतो. मालिकेतला प्रसंग तो घेतच नाही. बसण्याची ढब, हाताचा कोन आणि वस्त्राची एखादी घडी उचलतो. बाकीची मालिका गिऱ्हाइकाच्या डोक्यात आधीच भरलेली असते.

याच ठिकाणी प्रॉप आणि लेव्ही-स्ट्राउस यांचं जुनं भांडण मला जिवंत झालेलं दिसतं. प्रॉपचं पुस्तक इंग्रजीत आलं १९५८ साली, म्हणजे तीस वर्षांनी. १९६० मध्ये लेव्ही-स्ट्राउसने त्यावर लेख लिहिला. आदराने लिहिला, पण ठपका ठेवलाच : तुम्ही आकार आशयापासून तोडलात, गरुड की घोडा याने फरक पडत नाही म्हणता, पण ती निवडच तर अर्थ घडवते. प्रॉप चिडला. १९६६ च्या इटालियन आवृत्तीत त्याने खरमरीत उत्तर छापलं, की तुम्ही तत्त्वज्ञ आहात, मी पुरावे तपासणारा माणूस आहे.

जोह्यात दोघांनाही साक्षीदार मिळाला असता. रबरी साचा एकच असू शकतो. त्यात पीओपी ओततात, काथ्याने बळकटी देतात आणि घट्ट झालं की मूर्ती मोकळी करतात, हलकी आणि आतून पोकळ. शाडू ओतता येत नाही, दाबून भरावा लागतो. तो न भाजता नुसता वाळवतात, त्यामुळे जड आणि ठिसूळ. फार उंच मूर्ती त्याला पेलत नाही, आणि अंगापासून लांब उगारलेला बारीक हात केलाच तर वाहतुकीत हमखास मोडतो. म्हणून शाडूचा गणपती हात आवरून, बैठक रुंद करून बसतो. इथवर लेव्ही-स्ट्राउसचा विजय. पण दोन्ही मूर्ती शेजारी ठेवा : चार हात, एक दात मोडका, मोदक, पायाशी उंदीर. कुणालाही विचारा हा कोण, उत्तर एकच येईल, आणि प्रॉप समाधानाने मान डोलावेल.