खाज की आग? उंदराला विचारा

पावसाचं पाणी जिरलं तर बरं. साचून राहिलं की डास, मागोमाग हिवताप. त्यावरच्या क्लोरोक्विन या औषधानं काही रुग्णांना अंगभर खाज सुटते. ती कशी, हे उंदरांनी उलगडलं. क्लोरोक्विन गालात टोचलं की उंदीर मागच्या पायानं खाजवतो; मिरचीतलं कॅप्सेसिन टोचलं तर पुढच्या पंजानं गाल पुसतो. पहिली खाज, दुसरी आग. मुका जीव, पण पंजानं बोलतो! २००९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना उंदराच्या मज्जातंतूंवर क्लोरोक्विन ओळखणारा ग्राहीही सापडला. ही खाज हिस्टामाइनची नव्हे, म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या तिथं फारशा चालत नाहीत. हिवतापावरचंच दुसरं औषध, मेफ्लोक्विन, मात्र माणसाच्या मनालाच हात घालतं: चक्कर, दुःस्वप्नं, अस्वस्थपणा. २०१३मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.