धंदेशिक्षण आणि माणसाची ओळख

उमरगा तालुक्यांतील जमीन काळी व कसदार असली तरी ती वाढत नाहीं. खातेदार मात्र वाढतात. आजोबांच्या नांवावरील सलग रान नातवांच्या हातीं येतें तेव्हां त्याचे चार-पांच तुकडे झालेले असतात. म्हणून घरांतील एका मुलानें तरी कांहीं धंदा शिकावा, असें बागाईतदारांप्रमाणें जिराईतदारहि आतां बोलूं लागले आहेत. कोणी मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्री, जोडारी किंवा ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या वर्गांत घालतात, कोणी अकरावी-बारावीच्या व्यवसाय-अभ्यासक्रमास पाठवितात. ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु मुलगा पुस्तकें घेऊन घरीं आला, कीं बापास एक कोडें पडतें. पान्या-हातोड्याच्या पुस्तकाबरोबर त्याच्या पिशवींत माणसाची वाढ, कुटुंब, समाज, संभाषण, सहकार्य अशा विषयांचेंहि वाचन असतें. "ज्याला मोटार भरावयाची त्याला हें कशाला?" असा प्रश्न आम्हांस पुष्कळ वेळां विचारण्यांत येतो. प्रश्न रास्त आहे. शेतकरी ज्या बियाण्याचा उपयोग कळत नाहीं तें पेरीत नाहीं. मग मुलाच्या वर्षांची पेरणी करितांना त्यानें तरी डोळे झांकून कां बसावें? म्हणून ह्या विषयाचें स्वरूप व उपयोग आम्ही येथें यथामति सांगत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं हात आणि माणूस ह्यांचें शिक्षण एकत्र असावें हा विचार नवा नाहीं. वर्धा येथें ऑक्टोबर १९३७ मध्यें भरलेल्या शिक्षण-परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें सर्व शिक्षण द्यावें अशी योजना मांडली. केवळ सूत कातणारे तयार व्हावे हा तिचा हेतु नव्हता. हात, बुद्धि आणि अंतःकरण हीं तिन्ही एकाच वेळीं वाढावीं हा होता. आपल्या शेजारच्या लोहारा तालुक्यांतील हिप्परगें येथें तर १९२१ सालींच राष्ट्रीय शाळा निघाली होती. पुढें स्वामी रामानंद तीर्थ ह्या नांवानें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले व्यंकटेश खेडगीकर हे ह्याच शाळेचे मुख्याध्यापक होते, व १९३० सालीं त्यांनीं हिप्परगें येथेंच संन्यास घेतला. स्वातंत्र्यानंतर, १९५० सालीं, देशांत कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू झाली आणि १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. योजना वाढल्या, यंत्रें आलीं. पण यंत्रापुढें उभा राहणारा मुलगा आणि त्या यंत्राचा उपयोग करणारें गांव, हे दोन्ही माणसांचेच बनलेले आहेत, हें विसरून चालत नाहीं.

ह्या विषयाचा पहिला भाग म्हणजे माणसाची वाढ. शेतकऱ्यास ती समजावून देणें सोपें आहे, कारण तो पिकाची वाढ रोज पाहतो. तूर उगवते, फांद्या फोडते, फुलोऱ्यास येते, शेंगा धरते. प्रत्येक अवस्थेची गरज निराळी. फुलोऱ्यांत बसलेला ताण पुढें कितीहि पाणी दिलें तरी पुरता भरून येत नाहीं. माणसाचेंहि तसेंच आहे. गर्भावस्था, शैशव, बाल्य, कौमार्य, तारुण्य, प्रौढपण व वार्धक्य अशा त्याच्या अवस्था असून, प्रत्येक अवस्थेंत शरीर, बुद्धि, भावना आणि चारचौघांत वागण्याची शक्ति ह्या चारींची वाढ होत असते. ह्यांपैकीं एकीची हेळसांड झाली तर इतर तिन्ही मागें पडतात.

ह्या सर्व काळांत गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचें होईपर्यंतचे सुमारे १,००० दिवस फार मोलाचे होत. जन्मतः सुमारें ३ किलो वजनाचें मूल पांचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाचें होतांना तिप्पट वजनाचें होतें. मेंदूची वाढहि ह्याच काळांत झपाट्यानें होते. म्हणून पहिले सहा महिने केवळ आईचें दूध व त्यापुढें दुधासह मऊ, सकस अन्न द्यावें असें वैद्यकशास्त्र सांगतें. गाभण गाईस आंबोण वेगळें ठेवणाऱ्या आपल्या घरांत गर्भार सुनेचें ताट मात्र सर्वांच्या मागून वाढलें जातें, हा विचार करण्यासारखा विरोध आहे. बोलण्याचेंहि तसेंच. ज्या मुलाशीं घरांतील माणसें बोलतात, तें दोन वर्षांच्या सुमारास दोन-दोन शब्दांचीं वाक्यें जोडूं लागतें. ज्याच्याशीं कोणी बोलत नाहीं, तें मागें राहतें. ह्यास पैसा लागत नाहीं, माहिती लागते.

धंदा शिकणाऱ्या मुलाशीं सर्वांत निकटचा भाग कुमारवयाचा होय, कारण तो स्वतःच त्या वयांत असतो. मुलींत साधारणतः १० ते १४ आणि मुलांत १२ ते १६ ह्या वर्षांत शरीरास वयांत येण्याचे फरक होतात. सोळा वर्षांचा मुलगा उंचीनें बापाएवढा दिसतो, पोतें उचलतो, ट्रॅक्टर हांकूं पाहतो. परंतु धोका तोलून पाहणारा व मनाचा वेग आवरणारा मेंदूचा जो भाग आहे, त्याची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत चालूच असते. शरीर आधीं पुरें होतें, विचार मागून पुरा होतो. मळणीयंत्राच्या तोंडाशीं सैल बाहीचा सदरा घालून उभा राहणारा, वीज बंद न करितां पेटींत हात घालणारा, किंवा मित्रांच्या शाबासकीसाठीं भरधाव गाडी हांकणारा मुलगा मूर्ख असतो असें नाहीं. त्याचें वय तसें असतें. हें ज्यास माहीत आहे तो बाप मुलावर ओरडत बसणार नाहीं. तो यंत्राच्या पट्ट्यावर आधीं झांकण बसवील आणि मुलास कारण समजावून देईल. ज्या मुलास स्वतःच्या वयाचा हा स्वभाव कळला, तोहि आपला हात वांचवूं शकेल. केवळ एवढ्यासाठींहि हा विषय शिकविणें योग्य ठरेल.

कायद्यानेंहि हीच दृष्टि ठेविली आहे. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवणें बंद करण्यांत आलें. शाळेच्या वेळेव्यतिरिक्त घरच्या धंद्यांत मदत करण्याची तेवढी मोकळीक आहे, तीहि काम धोक्याचें नसेल तर. १४ ते १८ वर्षांच्या मुलांस धोक्याच्या कामांवर ठेवतां येत नाहीं. मुलीचें लग्न १८ वर्षांपूर्वीं व मुलाचें २१ वर्षांपूर्वीं करूं नये, हें २००६ च्या कायद्यानें सांगितलें आहे. ह्यांस केवळ सरकारी जाच समजूं नये. कोवळ्या वयांतील बाळंतपणानें आईची वाढ खुंटते व मूलहि अशक्त निपजतें. म्हणजे एका चुकीनें दोन पिढ्यांचें पीक हातचें जातें.

विषयाचा दुसरा भाग म्हणजे समाज. त्याचा धंद्याशीं संबंध काय, हें आपल्या तालुक्यास पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति-विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जो भूकंप झाला, त्यांत लातूर व आपल्या जिल्ह्यांत मिळून सुमारें ८,००० माणसें गेलीं. किल्लारीबरोबर तेव्हां उमरगा तालुक्यांत असलेलें सास्तूरहि उध्वस्त झालें. भूकंपानें माणसें मेलीं असें आपण म्हणतों. खरें पाहतां तीं बहुतेक घरांखालीं सांपडून मेलीं. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर जाड मातीचें माळवद, ही आपली पिढीजाद बांधणी. उन्हाळ्यांत ती गार राहते. पण भिंतीचा आंतला व बाहेरचा थर एकमेकांस बांधलेले नसत; मध्यें चिपा व माती भरलेली असे. हादरा बसतांच दोन्ही थर फांकले आणि वरचें शेंकडों मण ओझें निजलेल्या माणसांवर आलें. भिंतींत उंचीस दर २ फुटांवर व लांबींत दर ४ फुटांवर एक आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींस कवळणारा काँक्रीटचा सलग पट्टा, आणि माळवदावरील माती कमी करणें, इतक्या उपायांनीं अशा घराचा धोका पुष्कळ कमी होतो. गवंड्याच्या हातांत कसब होतें. ह्या चार गोष्टींचें ज्ञान नव्हतें.

येथपर्यंत ही गोष्ट केवळ धंद्याची झाली. पुढील भाग समाजाचा आहे. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्यानें सरकारनें मोठें पुनर्वसन केलें व ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. नवीं घरें भक्कम झालीं. परंतु पुष्कळ ठिकाणीं आंखणी शहरी वसाहतीसारखी, सरळ रस्त्यांची व एकसारख्या रांगांची होती. बैल कोठें बांधावयाचे, कडबा कोठें रचावयाचा, सोयरे-भाऊबंद एकमेकांच्या हाकेवर कसे राहतील, बायकांनीं दोन शब्द बोलण्यास कोणत्या ओट्यावर बसावें, शेत किती लांब पडेल, ह्या प्रश्नांस नकाशांत पुरती जागा मिळाली नाहीं. मग लोकांनीं आपापल्या परीनें गोठे, छपरें व भिंती जोडून घेतल्या. आंखणी करणाऱ्यांस सिमेंट कळत होतें. त्या घरांतला दिवस कसा उजाडतो आणि कसा मावळतो, हें तितकें कळलें नव्हतें.

ह्याच कार्याचा दुसरा भाग, म्हणजे उभ्या राहिलेल्या पण कमकुवत झालेल्या घरांची दुरुस्ती व मजबुती, निराळ्या रीतीनें करण्यांत आला. स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या मदतीनें हजाराहून अधिक गांवांत स्त्रियांस 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमण्यांत आलें. त्या घरोघर जाऊन दुरुस्तीचा अर्थ सांगत, सरकारी मदत कोणत्या टप्प्यानें मिळते तें समजावून देत, गवंडी लोखंड व सिमेंट नीट वापरतो कीं नाहीं तें पाहत, आणि अभियंता व घरधनी ह्यांच्यामध्यें दुवा होत. ज्या बायका कालपर्यंत चावडीपुढून खालीं मान घालून जात, त्या अधिकाऱ्यांस प्रश्न विचारूं लागल्या. काम संपलें तरी हे गट मोडले नाहींत. त्यांतून बचतगट उभे राहिले. पुढें दुष्काळांत, घरच्या रानांतील सुमारें एक एकर स्त्रीच्या विचारानें कसावयाचें व त्यांत घरापुरतें धान्य, डाळी व भाजीपाला थोड्या पाण्यावर घ्यावयाचा, अशी पद्धति त्या संस्थेनें ह्या भागांत रुजविली. ह्या संस्थेस २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें 'इक्वेटर' पारितोषिक मिळालें. समाजविकास म्हणतात तो हाच. बाहेरून कोणी आणून ठेवीत नाहीं. गांवांतील माणसांची समजण्याची, बोलण्याची व मिळून करण्याची शक्ति वाढते, तेव्हां तो होतो.

ह्या शक्तीचें मापहि आतां घेतलें जातें. १९९० सालीं महबूब उल हक ह्यांच्या पुढाकारानें व अमर्त्य सेन ह्यांच्या विचारांच्या आधारें संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. देशाचें उत्पन्न पाहून थांबूं नये. तेथील माणूस किती वर्षें जगतो, किती शिकतो व बऱ्या रीतीनें राहतो कीं नाहीं तेंहि मोजावें, असें त्याचें म्हणणें. आपणहि एखाद्या घरीं मुलगी देतांना केवळ किती क्विंटल सोयाबीन झालें तें विचारीत नाहीं; आजार, व्यसन, शिक्षण व घरची वागणूक विचारतोंच. २०१८ सालीं केंद्र सरकारनें मागासलेपण हटविण्यासाठीं जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकीं एक आपला होता. ह्या कार्यक्रमांत आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती, पाणी व कौशल्य ह्यांतील प्रगतीवर भर होता. हें ऐकून कोणास कमीपणा वाटूं नये. पण स्वस्थहि बसूं नये.

कित्येक वाचक म्हणतील, "हें सर्व खरें, पण वर्गांत तर मास्तर टिपणें सांगतात आणि मुलें तीं पाठ करून परीक्षा देतात." हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पोहणें जसें काठावर बसून येत नाहीं, तसा हा विषय पाठांतरानें येत नाहीं. त्यास तीन-चार साधीं कामें पुरेत. मुलानें शेजारच्या एका तान्ह्या मुलाचें वजन व वागणें अंगणवाडीच्या ताईंच्या मदतीनें सहा महिने टिपून ठेवावें. स्वतःच्या घरांत कोण पहांटेपासून रात्रीपर्यंत किती तास काय काम करतो, ह्याची आठ दिवसांची नोंद करावी. आईच्या नांवापुढील आंकडा पाहून पुष्कळ मुलें चकित होतील. एका वृद्धापाशीं बसून त्याच्या तरुणपणींची मजुरी, दुष्काळ व गांवचे कारागीर ह्यांची हकीकत लिहून घ्यावी. एका ग्रामसभेंत शेवटपर्यंत बसून कोण बोललें व कोण बोललें नाहीं, तें पाहावें.

अशा रीतीनें शिकलेला कारागीर आणि न शिकलेला कारागीर ह्यांत फरक कोणता? दोघांसहि पंप दुरुस्त करतां येतो. परंतु पहिला आधीं शेतकऱ्याचें ऐकून घेतो, खर्चाचा अंदाज अगोदर सांगतो, घरीं पुरुषमाणूस नसल्यास बाईशीं आदरानें बोलून तिला कळ कशी बंद करावी तें दाखवितो, आणि सरहद्दीपलीकडच्या आळंद-बसवकल्याणच्या गिऱ्हाइकाशीं चार शब्द कानडींत बोलतो. दुसऱ्याचें दुकान कां चालत नाहीं, हें त्याला कधींच कळत नाहीं.

शेवटीं, जमीनदार वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. मुलास धंद्याच्या वर्गांत घालतांना तेथें हा विषय कसा शिकवितात तें स्वतः जाऊन पाहावें. सुगीच्या दिवसांत मजुरी वांचविण्यासाठीं त्यास आठ-आठ दिवस घरीं ठेवूं नये. जी संधि मुलास द्यावयाची ती मुलीसहि द्यावी. आणि आपल्या पदरीं कोणी उमेदवार किंवा सालगड्याचा मुलगा कामास असेल, तर त्याचें वय विचारून मग त्यास काम सांगावें. चांगलें बीं आपण निवडून ठेवतों, त्यास कीड लागूं नये म्हणून जपतों आणि वाफसा पाहून पेरतों. घरांत वाढत असलेलें बीं ह्याहून अधिक जपणुकीस पात्र आहे. तें चुकलें तर पुढच्या मृगांत पुन्हां पेरतां येत नाहीं.