‘आपली शाळा’ : वसईतील धर्मग्रामाची प्राथमिक शाळा व पालक यांचा भाषाव्यवहार

मराठीतील ‘आपण’ हे सर्वनाम दोन कामे करते. समोरच्या व्यक्तीचा आदराने उल्लेख करावयाचा असता ते द्वितीयपुरुषी असते. बोलणारा व ऐकणारा या दोघांचा मिळून उल्लेख करावयाचा असता ते प्रथमपुरुषी अनेकवचन होते. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवावयाचे असेल तर ‘आम्ही’ म्हणावे लागते. त्यामुळे ‘आपली शाळा’ या दोन शब्दांचा अर्थ ‘तुमची शाळा’ असाही होतो आणि ‘तुमची-आमची मिळून शाळा’ असाही होतो. इंग्रजीत ‘युवर स्कूल’ आणि ‘अवर स्कूल’ यांपैकी एकाची निवड करणे भाग पडते. शिवाय ‘अवर’ म्हटले तरी ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. कॅथलिक प्राथमिक शाळा व पालक यांच्यातील भाषाव्यवहार पाहू लागले म्हणजे हा व्याकरणातला बारकावा सामाजिक प्रश्न होऊन बसतो. शाळा कोणाची हे सर्वनामावरून कळते; म्हणून ते सर्वनाम कोठे टिकते व कोठे नाहीसे होते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

अशा पाहणीस वसईचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांच्या स्वाधीन केलेला हा मुलूख १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. मधल्या दोन शतकांत येथे रुजलेला समाज धर्माने कॅथलिक राहिला आणि भाषेने मराठी राहिला. उत्तरेकडील नंदाखाल, निर्मळ, गास इत्यादी गावांतील कुपारी समाजात सामवेदी ऊर्फ कादोडी बोली घरात बोलली जाते; इतरत्र वाडवळांच्या व कोळ्यांच्या बोली आहेत. चर्चमधील मराठी मात्र प्रमाण वळणाची आहे. १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि २०२० साली याच भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या दोन घटनांवरून या मराठीची प्रतिष्ठा ध्यानात यावी.

‘धर्मग्राम’ हा शब्द येथील ख्रिस्ती मराठीत रूढ आहे. एका चर्चच्या कक्षेत येणारी सर्व घरे म्हणजे एक धर्मग्राम. जुन्या धर्मग्रामांत चर्च, धर्मगुरूंचे निवासस्थान, शाळा आणि मैदान ही बहुधा एकाच आवारात असतात. शाळेचे व्यवस्थापन धर्मगुरूंकडे, अध्यापनात धर्मभगिनींचा व स्थानिक शिक्षकांचा वाटा, आणि विद्यार्थी त्याच वाड्यांतील. अशा ठिकाणी मुलाची शाळेशी असलेली ओळख व कुटुंबाची चर्चशी असलेली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांची यादी आणि वर्गाचा हजेरीपट यांतील कित्येक नावे एकच असत.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच भाषेच्या उच्च व निम्न अशा दोन रूपांच्या कार्यविभागणीची जी मीमांसा केली, ती येथे लावून पाहण्याचा मोह होतो. स्वयंपाकघरात सामवेदी, व्यासपीठावर प्रमाण मराठी, असे चित्र वरवर दिसते. परंतु शाळा व पालक यांच्यातील जुना व्यवहार या दोन कप्प्यांत नीट बसत नाही. रविवारच्या मिस्सेच्या अखेरीस, समारोपाच्या आशीर्वादाच्या सुमारास, सूचना वाचून दाखविण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्यापूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होई. तरीही प्रवचन आणि सूचना लोकांच्या भाषेत असत. शाळा केव्हा उघडणार, पालकांची सभा केव्हा, नाताळच्या कार्यक्रमाची तालीम कोठे, हे सारे पालकांना तेथे कानांनी कळे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही ते कळे, ही गोष्ट लहान नाही. वेदीवरून बोलणारा साहजिकच ‘आपल्या शाळेची सभा’ असे म्हणे. ऐकणारे समोर बसलेले असल्याने तेथे ‘आपण’चे दोन्ही अर्थ एकत्र नांदत.

त्यानंतर मंडळी आवारात येत, आणि खरा व्यवहार तेथे होई. एखादी माता शिक्षिकेला गाठून मुलाच्या पाढ्यांविषयी विचारी, तीही आपल्या बोलीत. शिक्षिका त्याच गावची असली तर उत्तरही त्याच बोलीत मिळे. मालिनोव्हस्कीने १९२३ साली, ज्या बोलण्याचा हेतू माहिती देणे हा नसून संबंध राखणे हा असतो, अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ हे नाव दिले. (यातील दुसरा शब्द वसईच्या वाचकास अगदी निराळ्या ठिकाणाहून परिचित आहे.) आवारातील ही पाच मिनिटे प्रथमदर्शनी याच प्रकारात मोडतात. पण पीकपाणी, आजारपण, लग्नकार्य यांची विचारपूस चालली असतानाच मूल चार दिवस गैरहजर का होते, याचा उलगडा होऊन जाई. त्यासाठी निराळा अर्ज लागत नसे. माहिती आणि संबंध यांची फारकत येथे झालेली नव्हती. भाजी, फुले, केळी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या घरांना आठवड्यातील एखाद्या दिवशी सकाळी दहाची सभा गैरसोयीची होती; रविवारचे आवार हे त्यांचे सभागृह होते.

या संबंधात समता होती, असा मात्र याचा अर्थ नव्हे. संबोधनांकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. ब्राउन व गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांतून सत्ता व जवळीक कशा प्रकट होतात हे दाखविले. मराठीत तेच कार्य क्रियापदाचे वचनही करते. ‘फादर आले’, ‘सिस्टर म्हणाल्या’ ही आदरार्थी बहुवचने अढळ आहेत. वयाने मोठा असलेला शेतकरीही तरुण धर्मगुरूला ‘तू’ म्हणत नाही. उलट दिशेने येणारे संबोधन वय, नाते व परिचय यांनुसार बदलू शकते. ‘बाई’ आणि ‘टीचर’ ही दोन संबोधनेही सारखी नाहीत. ‘बाई’ हे गावाने दिलेले नाव आहे, ‘टीचर’ हे शाळेने शिकविलेले. हा अधिकारभेद ‘आपण’मुळे झाकला जात असे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो निराधार म्हणता येणार नाही. तथापि प्रश्न विचारण्याची मुभा तेथे होती, आणि ती पुढे आलेल्या कागदाने कितपत ठेवली, हे पाहिले पाहिजे.

शाळेच्या सूचनापत्राची धाटणी सर्वांच्या परिचयाची आहे : ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, आपल्या पाल्याने गणवेशात उपस्थित राहावे.’ हे एकच वाक्य तपासले तरी पुष्कळ काही हाती लागते. ‘कळविण्यात येते’ या रचनेत कळविणारा कोण, हे सांगावे लागत नाही. सरकारी कचेरीच्या मराठीची ही खूण आहे; तीत कर्ता लपतो आणि आज्ञा उरते. ‘पालक’ व ‘पाल्य’ हे दोन्ही शब्द एकाच पाल् धातूपासून झालेले आहेत. पहिला कर्तृवाचक, म्हणजे पाळणारा; दुसरा विध्यर्थी कर्मवाचक, म्हणजे ज्याचे पालन करावयाचे आहे तो. ‘आई’, ‘बाप’, ‘मूल’ या शब्दांत जे नाते आहे ते येथे कर्तव्यात रूपांतरित झाले आहे. मुलगी असली तरी ती पाल्यच, आणि व्याकरणाने पुल्लिंगी! घरात कोणीही आपल्या लेकराला पाल्य म्हणत नाही. हा शब्द केवळ शाळेच्या कागदावर जगतो. ‘राहावे’ हा विध्यर्थ मात्र मराठीची मोलाची सोय आहे. तो विनंती, इच्छा आणि कर्तव्य या तिन्ही छटा एकत्र बाळगतो, म्हणून कानाला तो टोचत नाही. त्याच्या जोडीला हल्ली ‘कृपया’ येऊन बसतो. तो बहुधा इंग्रजी ‘काइंडली’चा अनुवाद असून त्याने सौजन्य वाढते असे दिसत नाही.

या वाक्यात ‘आपल्या’ आहे, पण त्याचा एकच अर्थ उरला आहे. ‘आपल्या पाल्याने’ म्हणजे ‘तुमच्या पाल्याने’. समावेशक अर्थ गळून पडला. पत्राच्या तळाशी कापून परत पाठवावयाची जी पट्टी असते, तीत पालकाने फक्त सही करावयाची असते. सही ही पोच आहे. तिला उत्तर म्हणता येत नाही.

जोपर्यंत हा कागद रविवारच्या सूचनेच्या मागोमाग येत होता, तोपर्यंत त्याच्या कोरडेपणाने फारसे बिघडत नव्हते. पुढे परिस्थिती पालटली. मुंबईच्या वाढीबरोबर वसई शहर बनली, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि शाळेत हिंदी, गुजराती व अन्य भाषा बोलणाऱ्या, तसेच कॅथलिक नसलेल्या घरांतील मुले मोठ्या संख्येने आली. मिस्सेनंतरची सूचना त्यांच्या पालकांच्या कानी पडण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच काळात इंग्रजी माध्यमाची ओढ वाढली. परिणामी ज्या आवारात आई-वडील मराठीतून शिकले, त्याच आवारातून त्यांना इंग्रजी सूचनापत्र येऊ लागले. ते वाचून दाखविण्याचे काम कित्येकदा मुलाकडेच जाते. स्वतःविषयीची तक्रार स्वतःच भाषांतरित करून आईला ऐकविणारे मूल कोणता मजकूर गाळील, हे सांगावयास संशोधन नको. पण याहून गंभीर गोष्ट ही की, घरातील ज्ञानाची वडिलकी येथे उलटी होते.

लिपीमुळेही असाच दुरावा उत्पन्न होतो, याचे उदाहरण गोव्यात सापडते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीला मान्यता दिली. १९९० साली प्रादेशिक भाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा चर्चच्या बहुतेक प्राथमिक शाळा कोंकणीकडे वळल्या. पुस्तके देवनागरीत होती; पण कॅथलिक घरांतील प्रार्थनापुस्तक रोमी लिपीत होते. भाषा आईचीच, आणि तरी मुलाचे पुस्तक आईला वाचता येत नाही, असा विचित्र प्रसंग उद्भवला. २०११ साली पालकांच्या आग्रहानंतर इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्या वादात राजकारण, रोजगार व प्रतिष्ठा यांचा भाग मोठा होता हे खरे. परंतु लिपीच्या या अडचणीकडे भाषाभिमान्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असे म्हणावेसे वाटते. वसईत चर्च आणि मराठी शाळा या दोहोंची लिपी देवनागरीच असल्याने ही अडचण आली नव्हती. इंग्रजी सूचनापत्राने ती वेगळ्या वाटेने आणली.

पालकाला शाळेत काय स्थान आहे, याविषयी चर्चचे स्वतःचे म्हणणे संदिग्ध नाही. ऑक्टोबर १९६५ मधील शिक्षणविषयक घोषणापत्रात माता-पिता हेच मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक मानले आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेतील ७९६ वा नियम तर शिक्षकांनी पालकांशी निकट सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे आस्थेने ऐकावे, आणि पालकांच्या सभा वा संघ स्थापून त्यांना मान द्यावा, असे सांगतो. नागरी कायद्याची वाट निराळी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत अशी तरतूद केली. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांपुरते त्या समितीचे कार्य सल्ल्यापुरते ठेवले. आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदाच लागू होत नाही असा निर्णय दिला. म्हणजे पालकाचे ऐकण्याची त्या कायद्यातील सक्ती उठली, आणि धर्मसंहितेतील कर्तव्य तसेच राहिले. ‘ऐकावे’ हा विध्यर्थ आता सूचनापत्रातील ‘राहावे’च्या उलट दिशेने, शाळेला उद्देशून आहे.

अलीकडे सूचनापत्राची जागा भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाने बऱ्याच अंशी घेतली आहे. तेथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्या गटांत पालकांना लिहिता येते, तेथे रोमन अक्षरांतील मराठी, मिश्र हिंदी व ध्वनिमुद्रित निरोप दिसू लागतात. ध्वनिमुद्रित निरोपात तर बोली पुन्हा डोके वर काढते, कारण बोलताना शुद्धलेखनाची भीती नसते. रविवारच्या आवारातील पाच मिनिटांचा हा दूरचा वंशज म्हणता येईल. परंतु गटात फक्त प्रशासकानेच लिहावे अशी सोयही त्या यंत्रात आहे, आणि निरर्थक शुभेच्छांच्या पुराला कंटाळून शाळा ती वापरतात. गट बंद केला की पालकास निरोप वाचल्याची खूण तेवढी मागे ठेवता येते. कापून पाठवावयाच्या पट्टीवरील सहीचेच हे नवे रूप होय. प्रगतिपुस्तकातील ‘पालकांचा अभिप्राय’ हा रकाना अद्याप छापला जातो. त्याची रुंदी सहसा एका ओळीपेक्षा अधिक नसते.