साडेसत्तावीस मिलिमीटरची कडी

माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्यांजवळ तांबूल कुटणं चालू असतं, तिथे फोकसची खरी परीक्षा होते. खलबत्त्यात विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप, वेलदोडा पडतो आणि बत्ता वर-खाली सुरू होतो. आजकालचा ऑटोफोकस अशा वेळी चेहरा शोधतो, डोळा पकडतो. मला मात्र बत्ता आदळतो तिथे पानांचा जो हिरवा लगदा होतो, तो हवा असतो. म्हणून माझ्या सोनीच्या फुल-फ्रेम मिररलेस बॉडीवर सोव्हिएत काळातली हेलिओस ४४-२ चढवलेली असते. ५८ मिलिमीटर, एफ/२, फोकस पूर्णपणे हाताने.

ऐंशी सेंटिमीटरवरून एफ/२ वर या लेन्सला जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट मिळतो. हलत्या बत्त्यामागे रिंग फिरवत राहिलं तर हाती काही लागत नाही. खलबत्त्याच्या काठावर फोकस लावायचा, रिंगला पुन्हा हात लावायचा नाही आणि उरलेली दुरुस्ती अंगानेच करायची, कणभर पुढे, कणभर मागे. कॅमेऱ्यातलं ‘पीकिंग’ स्पष्ट कडांवर लाल रंग चढवतं, पण एवढ्या जवळून ते उदार होतं. जे जरा मऊ आहे त्यालाही लाल करून टाकतं. त्यामुळे मी चित्र मोठं करूनच पाहतो.

“काय फिरवून राहिले दादा?” कुटणाऱ्या मावशींनी विचारलं. पडद्यावर मोठं झालेलं पान दाखवलं, तर त्यांनी मान हलवली. “पान अजून बारीक नाही झालं. थांबा जरा, मंग काढा.” आणि खरोखरच, आणखी थोडं कुटल्यावर लगद्याला जी ओली चकाकी आली, ती आधीच्या एकाही फोटोत नव्हती.

नव्या बॉडीवर जुनी लेन्स बसते ती एका पोकळ कडीमुळे. तिलाच अडॅप्टर म्हणायचं. बहुतेक अडॅप्टरमध्ये काच नसते, वीज नसते. त्याचं काम फक्त अंतर राखण्याचं. हेलिओसच्या मागचे आटे एम-४२, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचे आणि एक मिलिमीटर पिचचे. लेन्स जिथे टेकते तिथून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर असेल, असं धरून ती घडवलेली आहे. सोनीच्या ई-माउंटमध्ये तेच अंतर १८ मिलिमीटर. मधल्या आरशाची गरज संपली आणि बॉडी चपटी झाली. उरलेले २७.४६ मिलिमीटर कडीने भरून काढायचे. निकॉनची १९५९ पासूनची एफ-माउंट लेन्स असेल, तर मूळ अंतर ४६.५ आणि कडी साडेअठ्ठावीसची. उलट निकॉनच्याच आरशाच्या डीएसएलआरवर एम-४२ लेन्स नुसत्या कडीने लावली तर दूरचं काहीच स्पष्ट होत नाही, कारण बॉडीचं अंतरच लेन्सच्या अंतरापेक्षा जास्त आहे. मिररलेस आले आणि जगभरच्या कपाटांतल्या लेन्सना पुन्हा काम मिळालं, ते या गणितामुळे.

कडी नीट आहे की नाही हे माहूरगडाच्या तटावरून छान कळतं. समोरच्या डोंगरावरचं देऊळ डोळ्याने निवडायचं आणि रिंग अनंताच्या खुणेवर नेऊन थांबवायची. कळस धारदार दिसला तर कडी बरोबर. त्या खुणेच्या अलीकडेच कळस स्पष्ट झाला आणि शेवटाला पुन्हा धूसर झाला, तर कडी किंचित पातळ आहे; स्वस्तातल्या कड्या बहुधा अशाच असतात. त्याने फोटो बिघडत नाही, फक्त लेन्सवर कोरलेल्या अंतराच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. कडी जाड निघाली तर मात्र ती परतच करावी, तिने दूरचा कळस कधीच स्पष्ट होणार नाही.

आणखी दोन गोष्टी आधीच करून ठेवायच्या. कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही, म्हणून ‘लेन्सविना शटर’ची परवानगी मेनूत द्यायची आणि हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेला ५८ हा आकडा स्वतः सांगायचा.

हेलिओस जर्मनीच्या झाइस बायोटारवरून बेतलेली. तिच्यात मागच्या पानांतला उजेड गोल भोवऱ्यासारखा फिरतो, आणि त्यासाठी लोक वेडे होतात. माहूरच्या सागवनात तो भोवरा सहज मिळतो. प्रत्येक फोटोत तो आला की मात्र कंटाळा येतो. मला या लेन्सचं मोल वाटतं ते माहूरच्याच पांडवलेणीत. बाहेर लख्ख ऊन, आत खांबांची जाड सावली. जुन्या साध्या लेपाची काच इथे उजेड-अंधारातला विरोध जरा सैल करते आणि सावलीतल्या दगडावरच्या टाकीच्या खुणा वर येतात. सूर्य समोर असेल तर हीच काच सगळं पांढुरकं करते. तेव्हा तळहाताचा आडोसा धरायचा. नवरात्राच्या गर्दीत मात्र मी नवी ऑटोफोकस लेन्सच नेतो. आणि गाभाऱ्यात कोणताच कॅमेरा काढत नाही.

माझी हेलिओस नांदेडच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटातून आली. मराठवाड्यात आणि शेजारच्या यवतमाळात अशी कपाटं अजून पुष्कळ आहेत. त्यांत रोलच्या काळात लग्नांचे फोटो काढलेल्या निकॉनच्या निकॉर, पेंटॅक्सच्या टाकुमार, शिवाय याशिका, झेनिट. ओल धरली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि वेळीच काढली नाही तर ती लेप खाते. टाकुमारच्या काही काचांत थोरियम आहे. त्या वर्षानुवर्षं पिवळ्या पडतात, पण उन्हात ठेवल्या की पिवळेपणा बराचसा उतरतो. एक बाजू अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाका, नाहीतर भिंगाने गोळा झालेलं ऊन खालचं कापड जाळेल.

घरात वडिलांचा किंवा काकांचा स्टुडिओ होता, अशा प्रत्येकाला सांगणं आहे: ती कपाटं किलोच्या भावात देऊ नका. लेन्स काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलची बॅटरी लावून आत पाहा. जाळी दिसली तर जाणत्या कारागिराकडे न्या, स्वतः खोलू नका. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना, रिंग अडत नाही ना, हे तपासा. मग सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा, आणि कॅमेरा घेऊ पाहणारं एखादं पोर ओळखीत असेल तर लेन्स त्याच्या हातात द्या. त्याच्या बॉडीला लागणारी कडी फार महाग नसते.